आजारी कामगार, लंगडी तरक्की : उल्हासनगर ते बदलापूरचा हिशेब

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराला मजुरी नगावर मिळते. ताप आला की मशीन बंद आणि मशीन बंद की त्या दिवसाची कमाई शून्य. वर डॉक्टरची फी, औषधं वेगळी. आठ दिवस अंथरुणात गेले की आधी किराणावाल्याची उधारी, मग कर्ज, आणि शेवटी मोठ्या मुलाची शाळा सुटते. आपण याला त्या घराचं नशीब म्हणतो. पण अशी हजारो घरं एकत्र मोजली की तो देशाच्या अर्थव्यवस्थेचा तोटा होतो.

हे आम्हीच म्हणतो असं नाही. १९९३ चे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी दाखवलं की, ब्रिटनच्या दोनशे वर्षांच्या आर्थिक वाढीत सुमारे ३० टक्के वाटा लोकांच्या सुधारलेल्या पोषणाचा होता. पोटभर खाल्लेला, निरोगी माणूस जास्त काम करतो, इतका साधा हा हिशेब आहे.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या आपल्या आया-बहिणी याच वयाच्या आहेत. रक्त कमी असेल तर हात लवकर थकतात, आणि नगावरच्या कामात थकवा म्हणजे कमी पैसे.

दुसरा प्रश्न वालधुनी नदीचा. अंबरनाथकडून उल्हासनगरात येणाऱ्या या नदीत कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं सोडलं गेलं. २०१४ मध्ये नदीत टाकलेल्या रसायनाच्या वासाने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढे प्रदूषणामुळे जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली आणि अनेकांचा रोजगार गेला. म्हणजे सेहत गेली ती गरिबाची, आणि रोजीही गेली ती गरिबाचीच. सांडपाण्यावर वेळीच प्रक्रिया झाली असती तर 'रोजगार की आरोग्य' हा सवालच उभा राहिला नसता.

सरकार काय करतं? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्य खर्चातले ३९ टक्के लोकांच्या खिशातून गेले. २०१३-१४ च्या ६४ टक्क्यांपेक्षा हे बरं, पण हातावर पोट असलेल्याला तेवढंही झेपत नाही. अंबरनाथला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही खुशीची बाब. मात्र त्याचा फायदा बदलापूरच्या चाळीपर्यंत पोहोचतो का, यावर आपण लक्ष ठेवायला हवं.

जे हक्काचं आहे ते तरी आपण घेतो का? २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि कायद्याच्या कक्षेतल्या कारखान्यातल्या कामगाराला ईएसआय मिळायला हवा. त्यात उपचार तर आहेतच, शिवाय अटी पूर्ण केल्यास आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये मिळतात. पण कागद तयार नसतात, आणि टीबी तर बदनामीच्या भीतीने लपवला जातो.

इथे जमातीचं काम सुरू होतं. मशिदीच्या कमिट्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर या योजनांची माहिती द्यावी, आठवड्यातून एक दिवस फॉर्म भरून द्यावेत, महिलांची रक्ततपासणी ठेवावी. जकातीतून इलाजाला मदत जरूर करावी, पण आजार होऊच नये म्हणून नगरसेवकाला पाण्याचा आणि गटाराचा जाबही विचारावा. आरोग्य ही अल्लाहची मोठी नेमत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती सांभाळणं ही एकट्याची नाही, साऱ्या मोहल्ल्याची जबाबदारी आहे.