कोर्टाची पायरी

"शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये" ही म्हण ज्याच्या कानावर पडली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. तिच्यांत अनुभव आहे, हें कोण नाकारील? ज्या घरांतील एक अखंड पिढी तारखा मोजण्यांत खपली, त्याच घरानें ती घडविली असावी. तथापि आपण ही म्हण मुलांना शिकवितों आणि ती पायरी कोणती व कोठें आहे हें मात्र शिकवीत नाहीं, ही गोष्ट मला चुकीची वाटते. कारण पायरी चढण्याची वेळ शहाण्यावरही येते, आणि मग तो भलत्याच दारीं जाऊन उभा राहतो.

एक अगदीं साधें उदाहरण घेऊं. एका शेतकऱ्याची शेताकडे जाण्याची जुनी वाट शेजाऱ्यानें ऐन पेरणीच्या तोंडीं कांटे टाकून अडविली. अडलेल्यानें जावें कोठें? मामलेदार न्यायालयांचा १९०६ सालचा कायदा आजही चालू आहे. त्याप्रमाणें शेताची वाट किंवा पाण्याचा प्रवाह बेकायदा अडविला असतां तहसीलदाराकडे दावा लावतां येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत लावला पाहिजे. परंतु त्या वाटेखालची जमीन मुळांत कोणाच्या मालकीची, असा वाद निघाला कीं त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयानेंच करावयाचा. सातबाऱ्यावर नांव कोणाचें लावावें हें महसुली अधिकारी पाहतात. पण सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हें पुष्कळांना वकिलाच्या घरीं गेल्यावरच कळतें. आणि भांडतां भांडतां कोणाच्या डोक्यांत काठी बसली, तर तें प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढें जाणार. एक बांध आणि दारें तीन!

हा सारा पसारा कोणाच्या लहरीनें झालेला नाहीं. शास्त्रांतील मोशे व इथ्रो यांची कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसलेल्या जांवयास पाहून सासऱ्यानें सल्ला दिला कीं, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेम; लहान वाद त्यांनीं तोडावे आणि अवघड तेवढे तुझ्याकडे यावे. आपल्या राज्यांतील न्यायालयांची उतरंडही याच तत्त्वावर रचलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. तिच्याप्रमाणें प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत, तर मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैद देऊं शकतो. सत्र न्यायाधीश कायद्यांतील कोणतीही शिक्षा देऊं शकतो. मात्र फांशीची शिक्षा उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून अमलांत येत नाहीं. दिवाणी बाजूस दाव्याची किंमत व मिळकतीचें ठिकाण पाहून न्यायालय ठरतें.

त्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. दिवाणी दावा जें न्यायालय चालवूं शकेल, त्यांपैकीं सर्वांत खालच्या न्यायालयांत तो दाखल करावा, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा स्पष्ट नियम आहे. साक्षीदार तेथेंच उभा राहतो, कागद तेथेंच शाबीत होतो. पुढें जिल्हा न्यायालयांत अपील होऊन दुसरें अपील उच्च न्यायालयांत गेलें, तर तेथें केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नाचाच विचार होतो. वाट होती कीं नव्हती, याचा नव्यानें शोध सहसा होत नाहीं. तेव्हां ज्या न्यायालयास आपण तालुक्याचें म्हणून किरकोळ समजतों, तेथेंच बहुतेकांचें नशीब ठरतें. असें असतां आमचें नागरिकशास्त्र बहुधा शिखरापासून आरंभ करतें! सर्वोच्च न्यायालय दिल्लीस आहे हें मुलगा पाठ म्हणून दाखवितो. आपल्या तालुक्याचें न्यायालय कोणत्या रस्त्यावर आहे, हें त्यास सांगतां येत नाहीं.

उच्च न्यायालयाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मुंबई शहरासाठीं राजाच्या नांवानें चालणारें सुप्रीम कोर्ट आणि मुफसलासाठीं कंपनीच्या सदर अदालती, अशी पूर्वी दुहेरी व्यवस्था होती. १८६२ सालीं ती मोडून मुंबईचें उच्च न्यायालय स्थापन झालें. मुंबई शहरांतील मोठ्या रकमेचे दावे आजही थेट त्या न्यायालयांत दाखल होतात आणि इतर जिल्ह्यांतील होत नाहींत, ही त्या जुन्या व्यवस्थेचीच खूण होय. नागपूरचें उच्च न्यायालय १९३६ पासून स्वतंत्र होतें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तेथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आलें. पुढें १९८१ सालीं औरंगाबाद येथें व १९८२ सालीं पणजी येथें खंडपीठें झालीं. कोल्हापुरांत १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचें काम सुरू झालें, तेंही कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. सावंतवाडीच्या पक्षकारास त्यापूर्वी मुंबई गांठावी लागे. न्यायाचें दार दूर असणें ही किती मोठी शिक्षा आहे, हें त्यासच विचारावें.

पण दार माहीत नसणें ही त्याहून मोठी शिक्षा नव्हे काय? कायदा या बाबतींत अगदींच निर्दय नाहीं. अधिकार नसलेल्या दिवाणी न्यायालयांत दावा लावला, तर तें न्यायालय तो योग्य ठिकाणीं दाखल करण्यासाठीं परत देतें; प्रामाणिकपणें व तत्परतेनें चुकीच्या न्यायालयांत घालविलेला काळ मुदतींतून वजा करण्याची सोय १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांत आहे. परंतु खर्च झालेला पैसा आणि हातचा गेलेला हंगाम कोण वजा करून देणार? श्रीमंतास वकील दार दाखवितो. गरिबानें तें स्वतः हुडकावें, ही स्थिति शाळेनें थोडी तरी बदलली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी कीं, नववीच्या वर्गास वर्षांतून एक सकाळ तालुक्याच्या न्यायालयांत न्यावें. सुनावणी सामान्यतः सर्वांस खुली असते. "मुलांस कैदी कशाला दाखवितां?" असें कांहीं पालक म्हणतील. त्यांची भीति मला समजते. त्यांच्यासाठीं दिवाणी न्यायाधीशांच्या दालनापासून आरंभ करूं. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असावी असें १९९८ सालींच ठरलें आहे. तेव्हां मुलांस पुष्कळसें समजेल. शिक्षकांनीं आधीं न्यायाधीशांस पत्र पाठवावें, मुलांनीं मागच्या बाकांवर गुपचूप बसावें, आणि घरीं गेल्यावर वडिलांस विचारावें कीं आपल्या शेताच्या वाटेवर उद्यां कोणी कांटे टाकले, तर आपण प्रथम कोठें जाऊं?