तीन कामं, एक पुरस्कार

परवा एका पुरस्कार सोहळ्याला गेलो होतो. आमच्या टीमला ध्वनीसाठी नामांकन होतं, म्हणून आईबाबांनाही नेलं. आत जाऊन बसलो, तर निवेदिका म्हणाली, "तांत्रिक विभागाचे पुरस्कार वेळेअभावी दुपारीच देण्यात आले आहेत." आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "मग आपण कशाला आलो?"

सोहळ्याचं नाव लिहीत नाही. कारण हा एका सोहळ्याचा प्रश्न नाहीच.

मी अकरा वर्षं साउंड एडिटिंग करतोय. अजूनही नातेवाईक विचारतात, "म्हणजे गाणी रेकॉर्ड करतोस का?" तर मंडळी, आधी हे समजून घ्या. सिनेमाच्या आवाजात मुख्य कामं तीन. एक माणूस सेटवर उन्हातान्हात माइक घेऊन कलाकारांचे संवाद टिपतो. दुसरा ते साफ करतो, जनरेटरची घरघर काढतो आणि जे तिथे नव्हतंच ते उभं करतो: रहाटाची करकर, माडाच्या झावळ्या, चपलेखाली वाजणारी खडी. तिसरा संवाद, संगीत आणि हे सगळे आवाज एकमेकांना न मारता थिएटरात कसे ऐकू येतील ते ठरवतो. तीन वेगळी माणसं, तीन वेगळी कौशल्यं.

आता पुरस्कारांचा इतिहास बघा. ऑस्करने ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार 1930 मध्ये सुरू केला. पहिला मान 'द बिग हाउस'ला. पण पुढची कित्येक वर्षं बाहुली कुणाच्या हातात? स्टुडिओच्या ध्वनिविभागाच्या प्रमुखाच्या! काम करणारे हात खालीच. साउंड इफेक्टसाठी वेगळा पुरस्कार यायला 1963 सालचे सिनेमे उजाडावे लागले, आणि पाचच वर्षांत तोही गुंडाळला. 'स्टार वॉर्स'चं आख्खं आवाजाचं जग उभं करणाऱ्या बेन बर्टला 1978 मध्ये दिला तो 'विशेष पुरस्कार'. कारण नियमित विभागच नव्हता!

पुढे एडिटिंग आणि मिक्सिंगला वेगवेगळे पुरस्कार मिळू लागले. आपल्या रसूल पूकुट्टीला 2009 मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी मिळालं ते मिक्सिंगचं. साउंड एडिटिंगचं त्याच रात्री 'द डार्क नाइट'ला गेलं. म्हणजे फरक कळत होता. तरी 2020 मध्ये दोन्ही एकत्र केले आणि 2022 च्या सोहळ्यात तर ध्वनीसह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाच्या आधीच उरकले. ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी परत आणले.

आपल्याकडे काय? राष्ट्रीय पुरस्कारांत 2009 सालच्या सिनेमांपासून तीन कामांना तीन पुरस्कार होते. चांगली गोष्ट होती. 68 व्या पुरस्कारांत साउंड डिझाइनचा मान आपल्या 'मी वसंतराव'साठी अनमोल भावे यांना मिळाला. त्याच यादीत सेटवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मात्र 'डोल्लू' या कन्नड सिनेमाला. आणि त्याच सिनेमाच्या साउंड डिझायनरनं जाहीर सांगितलं की हा सिनेमा डब केलेला आहे! सेटवरचा आवाज त्यात वापरलेलाच नाही. परीक्षक ऐकत होते की नुसते बघत होते?

यावर उपाय काय असायला हवा होता? ध्वनीतला जाणकार परीक्षक नेमा, सेटवरचे मूळ ट्रॅक मागवून ऐका. झालं काय? 2024 मध्ये तिन्हींचा मिळून एकच पुरस्कार केला, फक्त साउंड डिझायनरचा. वर बक्षिसाची रक्कम पन्नास हजारांनी वाढवून दोन लाख! म्हणजे दोघांना पंगतीतून उठवायचं आणि तिसऱ्याच्या पानात जिलबी जास्त वाढायची.

गंमत पुढे आहे. 71 व्या पुरस्कारांत 'अ‍ॅनिमल'च्या मिक्सिंगसाठी परीक्षकांना 'विशेष उल्लेख' करावा लागला. काम वेगळं आहे हे कानांना कळलं, पण द्यायला विभागच नाही. बेन बर्टचीच गत, सत्तेचाळीस वर्षांनंतर.

कुणी म्हणेल, किती विभाग करायचे, सोहळा किती लांबवायचा? अहो, नाच कमी करा! एक नाव पुकारायला, एका माणसाला स्टेजवर यायला दोन मिनिटं लागतात. आणि ज्याचं काम चोख झालं की जाणवतच नाही, त्याचं नाव तरी एकदा मोठ्यानं घ्यायला नको?

मी स्वतः एडिटिंगवाला आहे. आजच्या नियमात फायदा झालाच तर माझ्यासारख्याचाच. तरी सांगतो, सेटवरच्या रेकॉर्डिस्टनं चांगला आवाज आणला नाही तर माझ्या टेबलावर फक्त घरघर उरते.

म्हणून मागणी साधी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत तिन्ही विभाग परत आणा. आणि आपल्या गावोगावच्या आयोजकांनो, ध्वनीचा पुरस्कार संध्याकाळी द्या, लोकांसमोर द्या.

पुढच्या वेळी बाबांना काहीतरी उत्तर देता यायला हवं. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा.