आडातले पाणी

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये गेली अनेक वर्षे एक ठोकताळा अढळ मानला जात होता. १९ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना विद्यापीठाने मियामीचा २७-२१ असा पराभव करून अजिंक्यपद पटकाविले आणि तो ठोकताळा मोडला. हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळला जाणारा नव्हे. शिरस्त्राणे घालून, लंबगोल चेंडूसाठी अंगावर अंग आदळणारा तो खेळ आहे आणि तेथील विद्यापीठांत त्याचे प्रस्थ इतके की, प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंच्या पगाराला कितीतरी मागे टाकतो.

तो ठोकताळा असा. शाळेत शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंची पारख करून खासगी संस्था त्यांना पाचपर्यंत तारे बहाल करतात. पाच ताऱ्यांची मुले साऱ्या देशात दर वर्षी तीसएकच निघतात. चार तारे काही शेकड्यांच्या वाट्याला येतात. लागोपाठच्या चार वर्षांच्या भरतीत ज्या विद्यापीठाला अशी मुले निम्म्याहून अधिक मिळाली असतील तेच अजिंक्य ठरू शकते, असा हिशेब बड एलियट या क्रीडापत्रकाराने मांडला. २०११ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत एकही विजेता या कसोटीबाहेरचा निघाला नाही. वरच्या गटात खेळणारी विद्यापीठे सव्वाशेहून अधिक आहेत. कसोटीस उतरणारी वीसही नाहीत. उरलेल्यांनी हंगामभर घाम गाळावा, पण मुकुटाची आशा धरू नये, असाच त्याचा अर्थ.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? या खेळात तर हे अधिकच खरे आहे. एखादा असामान्य फलंदाज दुबळ्या संघालाही तारून नेतो. येथे आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि आघाडीला तीनशे पौंड वजनाचे, तरीही चपळ असे गडी लागतात. दुखापती नित्याच्या असल्याने त्या प्रत्येकामागे तितक्याच ताकदीचा दुसरा उभा असावा लागतो. एखादा सामना हिकमतीने मारता येतो. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने २०२२ च्या हंगामात उपांत्य फेरीत बलाढ्य मिशिगनला ५१-४५ असे लोळविले. अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांचाच ६५-७ असा धुव्वा उडविला.

मग प्रशिक्षकाचे कौशल्य ते काय? टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठाने २०२२ मध्ये जी मुले गोळा केली, त्यांची गणना आजवरच्या सर्वोत्तम भरतीत झाली. त्याच वर्षी त्या संघाने बारांपैकी सात सामने गमावले. पुढच्या वर्षी प्रशिक्षकाला निरोप देताना करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजण्याची पाळी आली. उलट निक सेबन यांनी अलाबामाला २००९ ते २०२० या काळात सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. मात्र त्यांचे शिकविण्याचे श्रेय आणि वेचण्याचे श्रेय निराळे काढून दाखविणे कोणालाही साधणार नाही. जेथे विजय तेथे गुणी मुले जातात, आणि जेथे गुणी मुले तेथे विजय. या रहाटगाडग्यात बाहेरच्याला शिरकाव मिळणे कठीणच.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये यावर उतारा आहे. तेथे नवोदितांच्या निवडीत पहिला हक्क मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाचा असतो. विद्यापीठांना तसे करता येत नाही, आणि करूही नये. कोठे शिकावे हे विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे असते. १९९४ पासून प्रत्येक संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती (२०२५ मध्ये तिची जागा १०५ खेळाडूंच्या मर्यादेने घेतली), पण उत्तमांतले ८५ ज्याच्याकडे, त्याला आणखी काय हवे? आणि हा सारा बाजार हौशी खेळाच्या नावाखाली चाले. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगामच रद्द करण्यात आला. प्रशिक्षकाने मात्र उजळ माथ्याने कोट्यवधींचा पगार घ्यावा, वाटेल तेव्हा वाढीव पगारावर दुसरीकडे जावे. खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याने सामान्यतः एक वर्ष बाकावर बसून काढावे! हा न्याय वर्षानुवर्षे चालला आणि त्याला शिस्त म्हणण्यात आले.

२०२१ मध्ये एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, न थांबता विद्यापीठ बदलण्याची मोकळीक खेळाडूंना मिळाली. नावलौकिकावर पैसे कमावण्याची मुभा २०२१ चीच. २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. इंडियानाचा चमत्कार या मोकळिकीतून घडला आहे. २०२३ मध्ये बारांपैकी नऊ सामने हरलेल्या या संघाची सूत्रे कर्ट सिग्नेटी यांनी घेतली, ती जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपले डझनभर खेळाडू बरोबर घेऊनच. फर्नांडो मेंडोझा हा त्यांचा सूत्रधार खेळाडू कॅलिफोर्नियाहून आला. शाळेतून बाहेर पडताना त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. २०२५ चा हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. म्हणजे गुणवत्तेवाचून अजिंक्यपद मिळते असे इंडियानाने सिद्ध केलेले नाही. सतराव्या वर्षी मिळालेल्या ताऱ्यांपेक्षा एकविसाव्या वर्षी दिसलेला खेळ हे गुणवत्तेचे अधिक भरवशाचे माप आहे, एवढेच त्याने दाखविले. बारावीच्या एका गुणपत्रिकेवर मुलांचे आयुष्य तोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही मोकळीक रास्तच आहे. तिला नाके मुरडणाऱ्या प्रशिक्षकांनी आधी स्वतःचे करारनामे चाळावेत. पण तिच्या पोटी एक प्रश्न आहे आणि तो मैदानाबाहेरचा आहे. मेंडोझाने बर्कलीची पदवी तीन वर्षांत पदरात पाडून मगच इंडियाना गाठले. ज्याचा पदवीचा अभ्यास अर्ध्यावर आहे, आणि जो दर जानेवारीला अधिक बोली लावणाऱ्याकडे निघून जातो, त्याचे एका विद्यापीठातील विषय दुसरे विद्यापीठ जसेच्या तसे धरीलच असे नाही. चौथ्या वर्षाअखेर त्याच्या हाती पदवी असेल की केवळ तीन गावांच्या गुणपत्रिका? यांतील बहुतेकांना व्यावसायिक संघ कधीच बोलावणार नाहीत. संघ उभारताना प्रशिक्षक खेळाडूचे वजन, उंची आणि वेग काटेकोर तपासतो. त्या मुलाचे किती विषय सुटले आणि किती राहिले, हे विचारण्याचे काम त्या विद्यापीठांतील कोणा प्राध्यापकालाच करावे लागेल.