“सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!”

सबमिशनच्या आठवड्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. आणि मुलं खोटं बोलत नसतात. कोड तोच असतो, पण लॅपटॉपवर जावा १७ आणि लॅबच्या पीसीवर जावा ८! कोड बिल्ड करणारं टूल, म्हणजे मेव्हन, तेही जुनंच. मग एक्स्टर्नलसमोर स्क्रीनवर लाल एरर, आणि वर्षाची मेहनत पाण्यात.

यावरचा उपाय आपल्या निफाड तालुक्याला नवा नाही. इथली द्राक्षं परदेशी जातात ती रीफर कंटेनरमधून. बाहेर ऊन असो की समुद्र, आतलं तापमान ठरलेलं. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन यांनी ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ कंटेनर नेले आणि मालवाहतुकीचं गणितच बदललं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने तीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये रुजवली. टूल आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बंद. ती कुठेही उघडा, आत तेच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रोजेक्टच्या कोडसोबत बिल्ड टूलची इमेजही सबमिट करणं सक्तीचं करा. डॉकरफाइल पाच-सहा ओळींची असते. फक्त तीन पथ्यं पाळा. एक, कोड इमेजमध्ये कोंबू नका. चालवताना फोल्डर माउंट करा, म्हणजे तीच इमेज पुढच्या बॅचलाही चालेल. दोन, ‘लेटेस्ट’ टॅग टाळा, नेमकं व्हर्जन लिहा. ग्रेपनेटमुळे निर्यातीच्या द्राक्षांचा माग थेट शेतापर्यंत काढता येतो ना? तसंच आपलं टूल नेमकं कुठलं, हे सांगता आलं पाहिजे. तीन, लिनक्सवर कंटेनर आपल्याच युजरने चालवा, नाहीतर तयार झालेल्या फाइल्स रूटच्या नावावर जातात आणि साध्या डिलीटही होत नाहीत.

“इमेज शेकडो एमबीची, आणि आमचा डेटा दिवसाला दीड जीबी!” तक्रार रास्त आहे. पण इमेज प्रत्येकाने डाउनलोड करायची गरजच नाही. एकाने कॉलेजच्या वायफायवर घ्यायची, ‘डॉकर सेव्ह’ने तिची फाइल करायची, पेनड्राइव्हवरून बाकीच्यांनी ‘डॉकर लोड’ करायची. चार जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर डॉकर रडतो, हेही खरं. म्हणूनच लॅबच्या लिनक्स पीसींवर तो एकदा बसवून देणं ही कॉलेजची जबाबदारी.

काही सर म्हणतील, सगळं आयतं मिळालं तर मुलं इन्स्टॉलेशन कधी शिकणार? अहो, डॉकरफाइल म्हणजे इन्स्टॉलेशनच, फक्त लिहून काढलेलं. स्टेप कळल्याशिवाय ती लिहिताच येत नाही.

ज्याचा दादा पुण्यात आयटीत आहे, त्याचं सेटअप फोनवर होऊन जातं. ज्याच्या घरात कॉम्प्युटर शिकणारं पहिलंच पोरगं आहे, ते कोणाला फोन लावणार? त्याचे दिवस एरर गुगल करण्यात जातात आणि शेवटी त्याला वाटतं, ‘आपल्याला हे जमणारच नाही.’ अडलेलं असतं टूल, खचतं मात्र पोरगं.

तेव्हा विभागप्रमुखांनो, सबमिशनच्या यादीत ही एक ओळ वाढवाच. आणि दोस्तांनो, त्या सर्क्युलरची वाट कशाला बघता? या सेमिस्टरची इमेज बनवा आणि ज्युनिअर्सच्या पेनड्राइव्हवर टाकून द्या.