पट्टा नंतर घ्या, आधी लसीचं बघा!

मार्च संपत आला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, सुट्टीत पोरांसाठी कुत्र्याचं पिल्लू आणतोय. घरात काय तयारी करू?" खरं तर यादी त्यांच्याजवळ तयारच असते. गादी, पट्टा, दोन भांडी, पॅकेटचं खाणं आणि चावायला रबरी हाड. जळगाव असो की धुळं, यादी सारखीच. त्या यादीत एक गोष्ट नसते, ती म्हणजे लस. ना पिल्लाची, ना घरातल्या माणसांची.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. तरीही या विषयावर लिहितोय, कारण या विसरलेल्या गोष्टीची किंमत शेवटी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेलं मूल मोजतं.

मागच्या उन्हाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलीला तिच्या आजीने तापासाठी आणलं. तपासताना हातावर दातांच्या दोन खुणा दिसल्या. विचारलं तर आजी म्हणाल्या, "घरनं पिल्लू शे, खेळता खेळता लागलं. हळद लावली." चावून नऊ दिवस झाले होते. पिल्लू कसं आहे, असं विचारलं. ते चार दिवसांपूर्वी मेलं होतं. कशाने मेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला एकही लस दिलेली नव्हती. मुलीला त्याच दिवशी रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं. ताप साधाच निघाला आणि मुलगी आज ठणठणीत आहे. पण त्या दिवशी ताप आला नसता, तर ती माझ्याकडे आलीच नसती.

"घरचं पिल्लू आहे, काय होतं?"

हे वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं आणि सर्वांत धोकादायक वाक्य आहे. रेबीजचा विषाणू घरचं आणि दारचं ओळखत नाही. तो लाळेतून येतो. पिल्लाच्या आईला किंवा पिल्लाला एखादं पिसाळलेलं जनावर चावलेलं असेल, तर दोन महिन्यांचं गोंडस पिल्लूही रेबीज देऊ शकतं. त्याचे दात छोटे म्हणून विषाणू छोटा होत नाही.

२०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात २२ वर्षांचा एक राज्य पातळीवरचा कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू वाचवताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. जखम किरकोळ वाटली, लस घेतली नाही आणि साधारण दोन महिन्यांनी लक्षणं सुरू झाली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मृत्यू जवळपास अटळ असतो. त्यानंतर मुंबई-पुण्याचं कितीही मोठं हॉस्पिटल गाठा, उपयोग होत नाही. आणि लक्षणांच्या आधी वेळेवर, पूर्ण उपचार घेतले तर हाच आजार हमखास टळतो. इतका मोठा फरक दुसऱ्या फार थोड्या आजारांत आहे.

दोष फक्त पालकांचा नाही, आमच्या व्यवसायाचाही आहे. "घरचंच कुत्रं ना? मग टीटी घेऊन टाका," असं सांगून पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन रेबीज रोखत नाही. कुणी फक्त टीटी देऊन घरी पाठवत असेल तर थेट विचारा, "रेबीजच्या लसीचं काय?"

"आमच्या लहानपणी गावात कुत्री होतीच की, कोण लस देत होतं?" हाही नेहमीचा युक्तिवाद. खरं आहे, कुणी देत नव्हतं. पण त्याच गावात "अमक्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि तो पाण्याला घाबरून गेला" ही गोष्टही प्रत्येक आजीला माहीत होती. आपण वाचलो म्हणून ती माणसं मेली नव्हती, असं होत नाही.

पिल्लू घरात येण्याआधी

१. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आणू नका. त्याआधी विकणं २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार बेकायदा आहे. महिन्याभराचं, डोळे नुकते उघडलेलं पिल्लू देणारा विक्रेता तुमच्यावर उपकार करत नाही.

२. "सगळ्या लसी झाल्यात" या तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं लेबल, तारीख आणि पशुवैद्यकाची सही हवी. नसेल तर लस झालेली नाही असं समजा.

३. पिल्लू आणण्याआधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तारखा ठरवा. पार्वो आणि डिस्टेंपरची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर.

४. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या डॉक्टरांना चावण्याआधी घ्यायच्या रेबीज लसीबद्दल विचारा. पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस असे तीन डोस असतात. पुढे कधी चावलं तर दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मूल पिल्लाचा ओरखडा घरी सांगत नाही, रागावतील म्हणून लपवतं. त्यासाठीच ही लस.

५. जंताचं औषध. बहुतेक पिल्लांना आईकडूनच जंत मिळतात. त्यांची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि मुलांच्या हातातून पोटात जातात. क्वचित ती अळी डोळ्यापर्यंत पोहोचून नजर घालवते. पिल्लाला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर औषध द्या, विष्ठा रोजच्या रोज उचला आणि मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

आपल्या खान्देशातल्या घरांसाठी

आपला भाग कपाशीचा आणि केळीचा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची बाटली खाटेखाली आणि उंदराचं औषध कोपऱ्यात असतं. पिल्लू सगळं तोंडाने तपासतं. या वस्तू कुलपात गेल्या नाहीत, तर घर तयार नाही. (आणि रांगणाऱ्या बाळासाठीही ते तयार नाही, हे वेगळं सांगायला नको.)

गोचीड झाले म्हणून कपाशीवरचं औषध पिल्लाच्या अंगाला चोळणारे महाभाग आहेत. ते पिल्लू चाटतं आणि त्याच पिल्लाला मूल मिठी मारतं. दोघांनाही विषबाधा होऊ शकते. तसंच ताप आला म्हणून आपल्या गोळ्या पिल्लाला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन त्याच्यासाठी घातक ठरू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण हेही देऊ नका.

आणि उन्हाचं काय? मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आपण स्वतः दुपारी दारं लावून बसतो, आणि हौसेने आणतो हस्की! बर्फातल्या जनावराला तापलेल्या स्लॅबखाली ठेवणं याला मी हौस म्हणत नाही. आणायचंच असेल तर गावठी पिल्लू आणा, आणि ते शक्यतो पावसाळा लागल्यावर.

आणि तरीही चावलं तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नका. घाईने टाके घालू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त न येता ओरखडा उठला तरी लस लागते. रक्त आलं असेल किंवा लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू" असं करू नका. लक्ष ठेवा, पण उपचार सुरू करून. गरोदर बाईनेही ही लस घ्यावी, बाळाला त्याचा धोका नाही.

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्या कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भटक्या कुत्र्यांवरून रोज भांडणं होतात. नगरपालिका काय करते, असं विचारायलाच हवं. गोव्यात सरकार आणि संस्थांनी मिळून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस दिली आणि जवळपास तीन वर्षं माणसाचा रेबीजने मृत्यू नाही, असं २०२१ मध्ये सांगता आलं. आपल्याकडेही ते व्हायला हवं. पण ग्रुपवर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला मी विचारतो, "तुमच्या टॉमीचं लसीचं कार्ड दाखवता?" तेव्हा समोर शांतता असते. रस्त्यावरच्या कुत्र्याला मालक नाही. तुमच्या पिल्लाला आहे.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. पिल्लू जरूर आणा, मुलांना जीव लावायला शिकवा. पण दुकानात जाण्याआधी दवाखान्यात जा. गादीशिवाय पिल्लू गोणपाटावरही सुखाने झोपतं. लसीशिवाय मात्र घरात कुणीच निर्धास्त झोपू नये.