कालवांची शेती : अनुदान मिळाले, सातबाऱ्याचे काय?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. त्यामुळे मच्छीमार व मत्स्यसंवर्धकांना शेतकऱ्यांप्रमाणे वीज, कर्ज व विमा यांतील सवलतींचा मार्ग मोकळा झाला. पुण्यातील आपल्या धर्मग्रामांत मूळची कोकणातील कुटुंबे आहेत. सिंधुदुर्ग तर २००५ साली स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत पुणे धर्मप्रांतातच होता. म्हणून या निर्णयाचा तेथील खाडीकाठच्या कालवशेतीला कितपत उपयोग होईल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कालवे व शिनाणे यांची शेती अल्प भांडवलाची आहे. खाडीत बांबूचा तराफा तरंगत ठेवून त्याला दोर सोडतात. शिनाण्यांचे बीज दोराभोवती सुती कापडात गुंडाळतात. कापड कुजेपर्यंत बीज दोराला घट्ट चिकटते. खाद्य विकत आणावे लागत नाही, पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींवरच ते वाढते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होण्याआधी पीक काढावे लागते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तंत्रावर केरळच्या कासरगोड जिल्ह्यात १९९० च्या दशकापासून बचत गटांतील महिलांनी हा व्यवसाय उभा केला.

आपल्या राज्यातही शासनाचे साहाय्य आहे. २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत कालवे, शिनाणे व खेकडे यांच्या संवर्धनासाठी गटांना ९० टक्के, तर व्यक्तींना ७५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत हे प्रमाण सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के ठेवण्यात आले.

मात्र अनुदानातून तराफा मिळतो, पाणी मिळत नाही. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. खाडीचे पाणी कोणाच्याच नावावर नसते. पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे काढणाऱ्या स्त्रीजवळ आपला हक्क दाखविणारा कागद नाही. उद्या तेथे जेट्टी किंवा पर्यटन प्रकल्प आला, तर तिने कोणत्या आधारावर दाद मागावी? २०२३ च्या दुरुस्तीने शिंपलावर्गीय जिवांची शेती किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाच्या कायद्याच्या कक्षेत आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु नोंदणी म्हणजे हक्क नव्हे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. कालवे पाणी गाळून जगतात. त्यामुळे सांडपाण्यातील जंतूही त्यांच्या अंगात साठतात. म्हणूनच विक्रीपूर्वी ती काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावी लागतात. पुण्यासारख्या शहरातील ग्राहकाचा विश्वास हवा असेल, तर शुद्धीकरणाची सोय, पाण्याची नियमित तपासणी आणि शीतवाहतूक यांवरही खर्च करणे आवश्यक आहे.

किती तराफे वाटले, यावर योजनेचे यश मोजू नये. अनुदान संपल्यानंतरच्या हंगामात किती महिला आपल्या बळावर दोर पाण्यात सोडतात, हीच खरी कसोटी होय.