सोडतो म्हणणाऱ्याने जायचे कुठे?

दारू कुठे मिळते, हे आपल्याकडे कुठल्याच गावात कुणाला शिकवावे लागत नाही. ती सोडायची झाली तर जायचे कुठे, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही. चिखली तालुक्यातले अमडापूर घ्या. बल्लाळदेवीमुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले हे गाव. इथल्या एखाद्या घरातला कर्ता पुरुष एके सकाळी म्हणाला, ‘आता पुरे झाले, सोडतो,’ तर घरच्या बाईने त्याला कोणता पत्ता द्यायचा?

हा प्रश्न एका घराचा नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, दारूमुळे अडचणीत आलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या 5 कोटी 70 लाखांच्या घरात होती. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार वा मदत मिळालेली होती.

उरलेल्यांची घरे काही हातावर हात ठेवून बसत नाहीत. कुणी पंढरीची माळ घालते, कुणी सैलानीबाबांच्या दर्ग्याला नेते, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावते. श्रद्धेने पुष्कळांना बळ दिले आहे. माळकरी होऊन कायमचे सुटलेले लोकही आपण पाहतो. त्यांना पुढे दिंडी भेटते, एकादशीचे भजन भेटते, चार माणसांची सोबत मिळते. नुसती शपथ मात्र एकट्याची असते आणि संध्याकाळ झाली की तीही एकटी पडते. चहातून गुपचूप औषध पाजण्याचा मार्ग तर साफ चुकीचा आहे. त्याने जीवही जाऊ शकतो.

सोबतीचे हे मर्म अमेरिकेत एका पिणाऱ्यालाच उमगले. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अ‍ॅक्रन या परक्या गावी अडकला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. व्यवहार फसलेला, हॉटेलातला बार समोर. त्याने चर्चना फोन लावायला सुरुवात केली. आपल्यासारखाच एखादा दारुडा या गावात बोलायला मिळेल का, एवढेच त्याला हवे होते. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांची. 10 जून 1935 हा डॉक्टरांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापना दिवस मानला जातो.

या ‘ए.ए.’च्या सभेला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव विचारत नाहीत, ऐकलेले बाहेर सांगत नाहीत. कुणी उपदेश करत नाही. जो तो आपली हकीकत सांगतो. खुल्या सभेला घरचेही जाऊ शकतात, बंद सभा फक्त पिणाऱ्यांची असते. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ वेगळे. हे निव्वळ भाबडेपण नव्हे. 2020 साली 27 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत हा मार्ग, तो नीट समजावून दिल्यास, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरला.

आपल्याकडे पुण्याला डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथेही भर आहे तो परस्परांच्या आधारावर. पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही आहे. पण पुणे दूर आहे, आणि उपचार संपल्यावर माणूस शेवटी गावीच परततो.

म्हणून आधी जवळचे शोधावे. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तर 14416 वर मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो. शासकीय रुग्णालयातही विचारावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते.

आणि जवळपास सभा नसेलच तर? ‘ए.ए.’च्या परंपरेप्रमाणे दोघे-तिघे दारू सोडण्यासाठी एकत्र बसले की गट झाला. गावाची अडचण वेगळीच असते. शहरात माणूस गर्दीत हरवतो. खेड्यात तो कुठल्या दारातून आत गेला, हे चहाच्या टपरीवर लगेच कळते. गंमत अशी की, त्याचे पिणे साऱ्या गावाला ठाऊक असते, त्याची लाज मात्र त्याला सोडायला जाताना वाटते. ही लाज त्याची एकट्याची नाही, ती आपण त्याच्या वाटेवर पेरलेली आहे. ‘आला मोठा सुधारणारा’ हे एक वाक्य त्याला परत गुत्त्यावर धाडायला पुरते.

महाराष्ट्रात अनेक गावांतल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. ते काम मोठेच. परंतु दुकान बंद झाले तरी माणसाची तहान उरते. त्या तहानेशी झगडायला त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली आणि आतून लावता येणारे दार हवे. शाळेची, समाजमंदिराची अशी एखादी खोली गावाने द्यावी. फलक नको, प्रमुख पाहुणे नकोत, वर्तमानपत्रात फोटो तर नकोच. किल्ली द्यावी आणि आत कोण गेले हे विचारू नये. अमडापूरसारख्या गावाला यासाठी फारसा खर्च नाही. त्या बाईने नवऱ्याला द्यायचा पत्ता मग गावातलाच असेल.